दसऱ्याची झडप

बायको गेली तेव्हा तिनं कापलेली झडप इंजिनाच्या पोटात चालू होती. चामड्याची, पंजाएवढी, वरच्या कडेला दोन स्क्रूंवर टांगलेली. दर दसऱ्याला ती जुनी काढायला लावायची आणि नवी कापून द्यायची. यंदा दसरा आला तेव्हा ती नव्हती. झडप विरत आली होती, आणि मला ती बदलायची नव्हती. सांगायचं ते एवढंच. पण झडप काय काम करते ते कळल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी इंजिन सांगतो.

मी शाळा फारशी पाहिली नाही. परळच्या गिरणीत वाफेच्या इंजिनाला तेल घालता घालता केस पांढरे झाले. गुडघे गेले तेव्हा गिरणीनं घरी बसवलं. आमच्याच गल्लीत, लालबागला, एका कच्छी शेठनं पिठाची चक्की काढली होती. तिला नवीन तऱ्हेचं इंजिन आणलं होतं, ते बघायला माणूस हवा होता. शेठ म्हणाले, "बाबा, वाफ नाय, बॉयलर नाय, कोळसा नाय. तुमी फक्त बसायचा." मी बसलो. बसून काय उपयोग? मला ते इंजिन कळेचना.

वाफेचं इंजिन सरळ असतं. वाफ येते, दट्ट्या ढकलते, जाते. हे बेणं ग्यासवर चालायचं. रस्त्यावरच्या दिव्यांना जो ग्यास जातो त्याचीच एक नळी शेठनं आत घेतली होती. ग्यास आणि हवा एकत्र होतात, वर एक नळी लालभडक तापवलेली असते, तिला लागून बार होतो आणि दट्ट्या खाली येतो. इथवर समजलं. पण दुसऱ्या ग्यासच्या इंजिनांना हवा घ्यायला एक फेरा आणि बार करायला दुसरा फेरा लागतो. हे आमचं दर फेऱ्याला बार करायचं. मग हवा घेतं कधी? माझं डोकं तिथं अडलं. वर सिलिंडरला हवा घ्यायचं तोंडच नाही. झाकण नाही, काही नाही. नुसती भिंतीत दोन खिडक्या.

हवेचं तोंड होतं खाली. दट्ट्याच्या खाली, जिथं दांडा आणि मोठ्या चाकाचा आस फिरतो, तिथं एक बंद लोखंडी पोट होतं. त्या पोटाला बाजूला गोल भोक, आणि भोकावर आतून ही झडप. ग्यासची नळीही त्याच पोटात उघडायची. तोंडाला लावलेली नळी शेठनं भिंतीतून बाहेर गल्लीत काढली होती, पीठ आत जाऊ नये म्हणून. पण पोटात हवा घेऊन करायचं काय, ते विलायतेहून आलेल्या माणसानं सांगितलं नाही. तो इंजिन बसवून, चहा पिऊन गेला.

पहिला पावसाळा गेला आणि इंजिन मरगळलं. चाक फिरवून द्यावं, दोन-चार बार व्हावेत, मग खोकल्यासारखं करून थांबावं. गल्लीतल्या नळीतून उलटा ग्यासचा वास यायचा. माझगावच्या गोदीतला फिटर बोलावला. त्यानं पोटाचं झाकण काढलं, आतली विलायती चामड्याची झडप काढून फेकली आणि पितळेची बसवली. इंजिन सुरू झालं, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री पळाली. थोड्याच दिवसांत पितळेची कड तुटली आणि तुकडा आत पडला. नशीब, तळाला पडला. दांड्याखाली सापडला असता तर पोट फुटलं असतं.

त्या दिवशी ती भाकरी घेऊन आली. आमची खोली चक्कीच्या मागच्याच चाळीत. मी झाकण उघडून आत तोंड घालून बसलो होतो. तिनं फडकं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"ह्यो भातो आसा," ती म्हणाली.

ती मालवणकडची. लोहाराची मुलगी. तिच्या माहेरी बाप घण मारायचा आणि भाता ओढायच्या बायका. आई थकली की ती ओढायची. लग्न होऊन मुंबईला आली तोवर तिनं आयुष्यभराचा भाता ओढून घेतला होता.

मी म्हटलं, "भाता? गो, हे विलायतेचं इंजिन आहे."

"विलायतेत काय वारो येगळो आसा? बघा. भात्याची फळी वर उचलली की झडप उघडता, वारो आत येता. फळी दाबली की झडप बंद. वाऱ्याक मागे जावक वाट नाय, मगे तो जाता फुडे, आगीत." तिनं चाक हातानं हळूच फिरवलं. दट्ट्या वर गेला. "ही फळी उचलली." दट्ट्या खाली आला. "ही दाबली. आता वारो खंय जातलो? तुमच्या त्या खिडकीतसून वर."

मी चाक तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा फिरवलं. बरोबर होतं. दट्ट्या एकाच वेळी दोन कामं करत होता. वर जाताना डोक्यावरचा ग्यास दाबायचा आणि पायाखाली पोटात नवी हवा ओढायचा. वर बार झाला की खाली यायचा, आणि येता येता पोटातली हवा दाबायचा. झडप बंद, म्हणून ती बाहेर पळू शकत नाही. अगदी खाली पोचला की भिंतीतली एक खिडकी उघडी पडून जळका धूर बाहेर, आणि समोरची दुसरी उघडी पडून पोटातली दाबलेली हवा वर. खाली घेतलेलं वर द्यायचं. म्हणून दर फेऱ्याला बार. सगळं त्या झडपेच्या जोरावर. झडप नीट मिटली नाही तर दट्ट्या कितीही दाबू दे, हवा आल्या वाटेनं गल्लीत.

"आणि ह्यां तुमचां विलायती कातडां," फिटरनं टाकलेला तुकडा तिनं उचलून वाकवला, तो तडकला. "मेलां, सुकट झालांसा. माशाची असती तर कढी तरी झाली असती."

दुसऱ्या दिवशी ती चांभाराकडे गेली. बकऱ्याचं कातडं, पाठीचं नको, पोटाचं द्या म्हणाली. ते तिनं उंडीच्या तेलात भिजत टाकलं. उंडीचं तेल कोकणात दिव्याला जाळतात, वास उग्र. तिच्याकडे माहेरची एक बाटली असायचीच. मग घरातल्या विळीवर तिनं झडप कापली. माप म्हणून काही नाही. आपला पंजा ठेवला, बोटं जवळ घेतली आणि भोवतीनं कापत गेली. मी म्हटलं, माप तरी घे. म्हणाली, "भोक तुमीच दाखवलात मां? माका डोळे आसत."

ती झडप बसली आणि इंजिन असं चाललं की शेठ गल्लीत उभे ऐकत राहिले. पितळेसारखी खणखण नाही. आतल्या आत एक बारीक टपटप, एकावर एक. शेठनं तिला साखरेची पुडी दिली. ती घरी येऊन म्हणाली, "साखर दिल्यान. भातो वडूक लायल्यान नाय म्हणजे झालां."

पुढं तिनं रीत पाडली. तिच्या माहेरी भात्याची झडप दसऱ्याच्या आदल्या दिवशी बदलत, खंडेनवमीला. हत्यारं धुवायची, भाता उघडायचा, नवी झडप लावायची, मग दसऱ्याला पूजा. तसंच इथं. खंडेनवमीला चक्की बंद. मी झाकण काढायचो, ती झडप कापायची. दसऱ्याला इंजिनाच्या कपाळावर, म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या अंगाला, कुंकू लावायची. तेल आणि पीठ लागून ते कुंकू तिथं वर्षभर काळं पडत राहायचं, पुढच्या दसऱ्याला त्यावरच नवं. जुनी झडप केरात टाकायची नाही. ती घेऊन शिवडीला जायची आणि पाण्यात सोडून यायची. मी कधी बरोबर गेलो नाही. सणाला माणूस घरी झोपतो.

चाळीतल्या खोलीत बसून तिला इंजिन ऐकू यायचं. संध्याकाळी मी जेवायला बसलो की म्हणायची, "आज दुपारी झडप ओली लागत होती. पाऊस नळीतसून आत येता, फडक्यान बांधा." मी बांधायचो. शेठचा भाचा एकदा सांगत होता, विलायतेत आता सायकलीवर इंजिन बसवून पळवतात, म्हणे पुढं-मागं असलंच, दर फेऱ्याला बार करणारं, बसवतील. मी घरी येऊन तिला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"भात्यार बसान जातले?"

"तसंच काहीतरी."

"मग आमचो बापूस मेलो तो तेच्यार बसानच गेलो असतलो. खयच्या खय पोचलो."

असं बोलायची.

आषाढात तिचे डोळे पिवळे झाले. वैदूनं मूळ बांधलं, कावीळ उतरते म्हणाला. उतरली नाही. श्रावण लागायच्या आत गेली. आमचं मूलबाळ नाही. शिवडीला जाळली, तिथंच राख सोडली, आणि तेरावं झाल्यावर मी चक्कीवर जाऊन चाक फिरवलं. आत टपटप सुरू झाली. मी स्टुलावर बसलो.

दसरा आला. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, हे सगळ्यांना ठाऊक. मी शेठना म्हटलं, यंदा पूजा नाही, झडप पण नाही. शेठ म्हणाले, "बराबर हाय बाबा, तुमच्या घरात दुख हाय." त्यांना झडप आणि पूजा एकच वाटत होती. मला ठाऊक होतं की एक नाही. चामडं सुतक पाळत नाही. पण तिनं हातानं केलेली घरातली दुसरी वस्तू मला दाखवा. भाकरी खाऊन संपते. गोधडी शिवली ती तिच्याबरोबर गेली. ही झडप तेवढी दिवसभर चालत होती, आणि मी तिच्याजवळ बसून होतो. बदलायची म्हणजे काढून टाकायची. मी काढणार नव्हतो.

दिवाळीच्या सुमारास इंजिन उपाशी पडू लागलं. झडपेची कड वळली असणार, मला आवाजावरून कळत होतं. टप होऊन मागे एक बारीक फुस्स यायचं. पोटात घेतलेल्यातली अर्धी हवा गल्लीत परत. मग वर काय जाणार? बार हलका, चाक मंद, जातं रडतखडत. मी ग्यासची चावी जरा जास्त सोडायचो आणि दिवस काढायचो.

चक्कीवर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खानावळवाली मावशी. घाटावरची, विधवा. गिरणीतले एकटे बाप्ये तिच्याकडे जेवायला. रोज ज्वारीची पाटी डोक्यावरून आणायची. त्या आठवड्यात तिनं पीठ चिमटीत घेतलं आणि माझ्यासमोर बोटं चोळली.

"काय वं इंजानवाले, ह्ये पीठ हाय का रवा?"

"जातं धार लावायला झालंय," मी म्हटलं.

"जातं न्हवं. तुमचं इंजान धापा टाकतंय. मी रोज हितं उभी ऱ्हाते, मला कान न्हाईत व्हय? भाकरी तव्यावर फाटतीया. काल एकानं ताटावरनं उठून शिवी दिली मला. शिवी मी खायची आन् तुमी हितं हात जोडून बसायचं?"

शेठही आले. "बाबा, असा कसा चालेल? मी माजगावला माणूस धाडतो. तो पितळेचा टाकेल. नायतर आपण हे इंजिनच विकून दुसरा आणू. मोठा. झडपेची कटकटच नाय."

मी म्हटलं, "कुणी झाकणाला हात लावायचा नाही."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो. ते गेले. मावशी गेली नाही. पाटी खाली ठेवून पोत्यावर बसली.

"आत तिची हाय, न्हवं?" ती म्हणाली.

मी ग्यासच्या चावीला हात लावला.

"माजा मालक गेला तवा त्याचं ताट व्हतं, काशाचं. मला वाटलं, ठिवून देऊ. चार दिस ठिवलं. मग गिऱ्हाईक वाढलं, ताट कमी पडाया लागलं. काढलं भायेर. आता रोज कोन ना कोन जेवतंय त्यात. परवा एक त्यात हात धुत व्हता, म्या त्याच्या पाठीत लाटणं घातलं." तिनं पाटीतली ज्वारी सारखी केली. "पर जेवतंय की कोनतरी. नुसतं फळीवर ठिवून त्याचं प्वाट भरलं असतं व्हय?"

"ताट झिजत नाही," मी म्हटलं.

"आन् तुमच्या बायकूनं काय केलं वं? दर वर्साला जुनी काढली आन् समिंदरात टाकली. मी बघितलीया तिला जाताना, हातात पुडकं घिऊन. रडत व्हती का ती? उलट येताना कालवं घिऊन यायची." मावशी उठली. "म्या ज्वारी ठिवून चालले. दुपारपतोर पीठ पायजे. माजी मानसं पाळीवरनं सुटतील."

ती गेल्यावर मी चाक थांबवलं. गल्लीतली नळी गप्प झाली. मी पान्ह्यानं झाकणाचे बोल्ट काढले.

झाकण निघालं आणि उंडीच्या तेलाचा वास आला. ग्यास, जळकं तेल, लोखंड, या सगळ्यांतून तो एक वेगळा.

झडप अजून तिथं होती, पण जिथं स्क्रूंखाली मुडपते तिथं आरपार चीर गेली होती. बोट लावलं तर अर्धी हातात आली. आणखी दोन दिवस चालली असती तर आपोआप तुटून पोटात पडली असती आणि दांड्यानं तिचा चोथा केला असता. मी ती जपून सोडवली आणि धोतराच्या सोग्यात ठेवली.

चांभाराकडून पोटाचं कातडं आणलं. भिजवायला वेळ नव्हता. तिची बाटली घरी फळीवर होती, तळाला थोडं उरलेलं. ते सगळं ओतलं आणि हातानं चोळून चोळून जिरवलं. मग विळी घेतली. तिच्या झडपेचे दोन्ही भाग कातड्यावर जुळवून ठेवले आणि भोवतीनं कापत गेलो. विळीवर चामडं कापायचं म्हणजे बायकांचं काम नाही की पुरुषांचं नाही, ते सवयीचं काम. माझं वाकडं झालं, तरी झालं.

बसवली. झाकण लावलं. चाक फिरवलं. फुस्स. गल्लीत सगळी हवा परत. जुन्या फाटक्या झडपेपेक्षा वाईट.

मी पुन्हा झाकण काढलं. स्क्रू आवळले, पुन्हा फिरवलं. तेच. इतकी वर्षं मी झाकण उघडून द्यायचो आणि ती लावायची तेव्हा मी बिडी ओढायला बाहेर जायचो. मला इंजिनाचा फेरा पाठ होता, तिचे हात पाठ नव्हते. मी सोग्यातली जुनी झडप काढली आणि उजेडात धरून बघत बसलो. एक बाजू चकचकीत, केसांकडची. दुसरी मऊ, लवदार, मासाकडची. आणि मऊ बाजूवर भोकाच्या कडेची गोल खूण उमटली होती. म्हणजे ती मऊ बाजू लोखंडाला लावायची. लोखंडाशी मऊ तेच चिकटून मिटतं. मी चकचकीत बाजू लावली होती, दिसायला चांगली म्हणून.

उलटी करून लावली. चाकाला हात दिला. बार झाला, दुसरा झाला, आणि मग आतून टपटप सुरू झाली. मागे फुस्स नाही. मी पट्टा जात्यावर चढवला आणि मावशीची ज्वारी वर ओतली.

मावशी दुपारी आली. पीठ चिमटीत घेतलं, चोळलं. इंजिनाकडे बघून हात जोडले. कुंकू लावायला तिथं कुणी नव्हतं. ती विधवा, मी असा. बायकोनं लावलेलं जुनं काळं कुंकूच होतं, ते राहिलं.

संध्याकाळी मी जुनी झडप फडक्यात बांधून शिवडीला चालत गेलो. गुडघ्यांनी वाट लांब केली. भरती नुकती लागत होती, खाजणात पाणी पसरत होतं. धक्क्याच्या कडेला एक कोळीण टोपलीतली कालवं, ते खडबडीत शिंपले, निवडत होती. मी फडकं सोडलं आणि दोन्ही तुकडे पाण्यात टाकले. तेलातलं चामडं, ते कशाला बुडतंय! तरंगत राहिलं आणि लाटेबरोबर परत माझ्या पायाशी आलं. मी पुन्हा लांब टाकलं. पुन्हा परत.

कोळणीनं मान वर केली. "काय टाकतंस रं बाबा, चप्पल?"

"झडप आहे. इंजिनाची."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "लालबागची लोहारीण तुजी कोन?"

"बायको."

"यंदा नाय आली ती."

"नाही."

कोळणीनं हातातलं कालव टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "ती खिला बांधाची त्याला. घोड्याच्या नालाचा. मी इचारलं व्हतं, कशाला गो? तं म्हने, लोखंडाजवल वरीसभर ऱ्हायलंय, एकटं कसं सोडू?"

हे मला ठाऊक नव्हतं. घरात नालाचे खिळे एका डब्यात असायचे, ते मी भंगार समजायचो.

माझ्याकडे खिळा नव्हता. कोळणीनं शेजारच्या जाळ्याचं एक शिसं सुरीनं कापलं आणि माझ्या हातात दिलं. "लोखंड नाय, पन जड हाय."

मी दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, फडक्याच्या चिंधीनं शिशाला बांधले आणि सोडले. लगेच गेले. पाणी गढूळ, काही दिसलं नाही.

तिनं टोपलीतली मूठभर कालवं पानात बांधून दिली. पैसे विचारले तर हात हलवला. घरी आलो आणि खिळ्यांचा डबा खाली काढला. बरेच होते. त्यातला एक पुढच्या खंडेनवमीसाठी कोनाड्यात वेगळा ठेवला आणि कालवं फोडायला बसलो. ती मला फोडता येत नाहीत. बराच वेळ लागला.